सील शाबूत

गॅसची टाकी घरी आली की ती आणणाऱ्या माणसाला मी जरा थांबवते. टाकीच्या तोंडावरचं सील वाकून बघते आणि मग त्याच्यासमोर म्हणते, "शाबूत हाय." सून आतून सांगते, "आत्या, त्यास्नी अजून दहा घरं करायची असत्यात." तो माणूसही हसतो. बघितलं की पुरे, बोलायचं कशाला, असं त्याला वाटत असणार. त्याचं चुकत नाही. पण मला ही सवय एका माणसानं लावली, आणि जिथं ती कामाला यायला हवी होती तिथं ती आली नाही.

त्या माणसाला मी कधी हाक मारली नाही. ते मला वैनी म्हणायचे. मी त्यांना दादा म्हणावं की काका, हे मनात ठरवत राहिले आणि सात-आठ वर्षं तशीच गेली. हमरस्त्यावर हातकणंगल्याकडं वळणाऱ्या फाट्याला आमची टपरी होती. आमचे मालक शेजारी पंक्चर काढायचे आणि मी चहा, भाकरी, झुणका करायची. फाट्यापासून आत पाच मिनिटांवर रंगात घालायचं थिनर बनवणारा कारखाना होता. त्याला लागणारं कच्चं तेल उरणकडून टँकरनं यायचं. कारखान्याचं फाटक आठला उघडायचं, म्हणून पहाटेपासून आलेले टँकर आमच्यापाशी नंबर लागेपर्यंत उभे असायचे.

बाकीचे ड्रायव्हर टँकर टपरीच्या दारात आणून लावायचे. मला वैनी म्हणणारे हे मात्र लांब लावायचे, बाभळीखाली, आणि तिथून टपरीपर्यंत पावलं मोजत यायचे. मोठ्यानं मोजायचे. शंभर भरली तर बाकड्यावर बसायचे. नव्वदच भरली तर परत जाऊन टँकर मागं घ्यायचे. बसायच्या आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठला आहे ते बघायचे. वारा टँकरकडून चुलीकडं असला तर चहा नको म्हणायचे. मग आमचे मालक ओरडायचे, "अहो, माती भाकरीत पडतीया की." ते म्हणायचे, "पडू दे. माती खाऊन कोण मेल्यालं न्हाय."

टँकरच्या कागदावर त्या तेलाचं नाव कंडेन्सेट लिहिलेलं असायचं. ड्रायव्हर लोक नुसतं माल म्हणायचे. हे मात्र त्याला घाम म्हणायचे. "वैनी, भात शिजताना झाकणाच्या पोटाला पाणी धरतं का न्हाय? तसंच हे. समुद्राच्या तळातनं गॅस वर येतो. वर आला की गार पडतो, आन त्याला हा घाम सुटतो. गॅस नळानं ममईला जातो, घाम आमच्या पाठीवर येतो." मला ते लगेच कळलं. एवढं मोठं काम भाताच्या झाकणावर आणून ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

एकदा आसपासच्या दोन-तीन बायका बाटल्या घेऊन त्यांच्याकडं गेल्या. दुसरे ड्रायव्हर टँकर रिकामा करून परत निघाले की नळातलं शेवटचं ठिबकणारं तेल त्यांना द्यायचे. कपड्यावरचे डाग त्यानं निघायचे, आणि रॉकेल कमी पडलं की एकदोघी स्टोव्हातही ओतायच्या. यांचा टँकर त्या दिवशी रिकामाच होता. त्यांनी बायकांना उन्हात उभं केलं आणि एकीच्या तळहातावर चार थेंब टाकले. ती म्हणाली, "अगं बया, बर्फागत गार हाय." बघता बघता हात कोरडा झाला. त्यांनी विचारलं, "कुठं गेलं?"

"उडून गेलं की."

"गेलं न्हाय. ते हवेपरास जड असतंय. हितंच हाय, तुमच्या लुगड्याच्या काठापाशी, चूल हुडकत बसलंय." बायका मागं सरल्या. "आन घरात स्टोव्हापाशी तर दारबी लावल्यालं असतंय," ते म्हणाले. बाटल्या त्यांनी स्वतः गोळा करून पालथ्या घातल्या. त्या दिवसापासून बायका त्यांना खडूस म्हणायला लागल्या, पण त्यातल्या एकीनंही ते तेल पुन्हा स्टोव्हात घातलं नाही. मी विचारून बघितलं होतं.

ते अंगावर सुती कपड्याशिवाय काही घालायचे नाहीत. नायलॉननं अंगात वीज साठते, असं म्हणायचे. टँकरला हात लावायच्या आधी खाली वाकून दोन्ही तळहात जमिनीला टेकवायचे, म्हणजे साठलेली वीज मातीत जाते. नवख्याला वाटायचं, भूमीला नमस्कार चाललाय. एका दुकानदारानं त्यांना विचारलंही, "कुठल्या देवाचं करतासा?" ते म्हणाले, "ज्याला लवकर भेटायचं न्हाय त्याचं." माझ्या अंगावर एकदा नायलॉनची साडी बघून त्यांनी चारचौघांत आमच्या मालकांना झापलं, "चुलीपुढं बसणारी बाई हाय, तिला सुती लुगडं घ्या की. का दुसरी करायचा इचार हाय?" सगळे हसले. मी भट्टीमागं लपले. आठ दिवसांनी दोन सुती साड्या आल्या.

वरातीची गोष्ट तर फाट्यावर पुढं कित्येक वर्षं सांगत होते. दुपारी चारच्या सुमाराला एक वरात आली. पुढं बँड, मध्ये जीपगाडीत नवरा-नवरी, आणि सगळ्यांच्या पुढं पोरं फटाक्यांची माळ लावत चाललेली. त्या दिवशी नंबर लागला नव्हता, म्हणून बाभळीखाली यांचा टँकर भरलेलाच होता. चहाचा ग्लास टाकून हे पळाले आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. बँड थांबला.

नवरीचा बाप पुढं आला. "काय ओ पावणं, कुणाचं मयत झालंय काय?"

"अजून न्हाय. एक माळ लावलासा तर सगळ्यांचंच हुईल. पाठवणी एकदमच करू."

बाचाबाची झाली. एकानं त्यांच्या सदऱ्याला हात घातला. ते जागचे हलले नाहीत. शेवटी एक म्हातारा वऱ्हाडी वास घेत म्हणाला, "खरंच काय तरी वास येतोय रं." मग फटाके पोत्यात गेले, बिड्या विझल्या, आणि वरात मुक्यानं पुढं निघाली. हे तिच्यापुढं पावलं मोजत चालले होते. बाभळीच्या अलीकडं शंभर आणि पलीकडं शंभर. दोनशे भरल्यावर मागं वळून म्हणाले, "हां, आता वाजवा." ढोल वाजला तशी नवरी एकदम हसली. तिचा बाप मात्र दिसेनासं होईपर्यंत शिव्या देत होता.

लोक त्यांना पंचनामा म्हणायचे. त्याला कारण होतं त्यांचं सील दाखवणं.

भरलेल्या टँकरच्या वरच्या झाकणांना आणि मागच्या नळाला तार ओवून शिशाचं सील मारलेलं असतं. तार तुटली म्हणजे वाटेत कुणीतरी माल काढला, असा अर्थ. बाकीचे ड्रायव्हर फाटकावर काय ते बघू म्हणायचे. हे मात्र फाट्यावर पोचले की शंभर पावलं चालत यायचे, मला चुलीपासून उठवायचे आणि शंभर पावलं परत न्यायचे. "वैनी, चला, सील बघा." मी खालून बघायची. वरच्या झाकणांच्या तारा ते हातानं उचलून दाखवायचे. मी मान हलवायची.

"मान हलवून चालत न्हाय. तोंडानं बोला."

मी हळूच म्हणायची, "शाबूत हाय."

"मला ऐकू आलं न्हाय."

"शाबूत हाय."

"हां."

पहिल्या पहिल्यांदा मला रडू यायचं. मालकांना मी सांगितलं, त्यांना दुसरं कुणी बघा म्हणावं. मालकांनी विचारलं तर ते म्हणाले, "बाकीचे समदे चहाचं गिऱ्हाईक. आज हितं, उद्या कराडात. ह्या बाई जाग्यावर असत्यात. आन खोटं बोलायचं म्हटलं तर त्यास्नी जमायचं न्हाय. खरं बोलायलाच एवढा येळ लागतोय."

हिवाळ्यात ते आणखी एक सांगायचे. उरणला दुपारच्या उन्हात माल भरतात तेव्हा तो फुगलेला असतो. आमच्याकडं पहाटेच्या थंडीत पोचतो तेव्हा तो आखडतो. झाकण उघडून पितळी गज आत बुडवला की गज दोन बोटं कमी भिजतो. थेंबही सांडलेला नसताना दोन बोटं कमी. "थंडीत हा घाम अंग चोरतोय, वैनी. तुमच्यागत. चार माणसं दिसली की तुमी कशा भट्टीमागं जाता, तसा." कारखान्यातल्या जुन्या साहेबांना हे ठाऊक होतं. सील शाबूत असलं की ती दोन बोटं ते थंडीच्या नावावर सोडून द्यायचे. पण सील शाबूत पाहिजे. त्यांचं सगळं त्या एका गोष्टीवर होतं. "तार तुटली की थंडीवर कोण इस्वास ठेवतंय? मग मी चोर. पंचवीस वर्सं एका तारंवर हायत बघा."

हे सगळं मला ठाऊक होतं. पुढं जे झालं ते न कळून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

जानेवारीतली सकाळ होती. टपरीवर ऊसतोडीला निघालेली एक टोळी उतरली होती, दहा-बारा माणसं, सगळ्यांना भाकरी एकदम पाहिजे. तव्यावर एक, हातात एक. हे आले. त्या दिवशीही मोजतच आले. "वैनी, चला."

मी वर न बघताच म्हणाले, "शाबूत हाय. जावा तुमी."

ते थांबले. "हितनंच दिसलं व्हय?"

टोळीतलं कुणीतरी हसलं. मी भाकरी उलटली. इतक्या वर्षांत तार कधी तुटली नव्हती, आज काय तुटायची? नाही म्हणायला माझ्या मनात एवढं येऊनही गेलं. तेवढ्यात फाटकावरचा माणूस नंबर पुकारत आला. ते अजून क्षणभर उभे होते. मग म्हणाले, "बरं. तुमचा शब्द," आणि गेले.

तासाभरानं ते परत आले. या वेळी त्यांच्याबरोबर चार माणसं होती. टँकरचा मालक, कारखान्यातला नवा आलेला साहेब, आणि फाटकावरचे दोघं. टपरीसमोर ते अर्धगोल करून उभे राहिले. मागच्या नळाची तार फाटकावर तुटलेली सापडली होती आणि गज दोन बोटं कमी भिजला होता. यांचं म्हणणं एकच होतं. तासापूर्वी फाट्यावर सील शाबूत होतं. फाट्यापासून फाटक पाच मिनिटांवर, तेवढ्यात माल काढून कोण नेणार? तार तुटली ती फाटकाच्या आसपासच तुटली.

"ह्या वैनी हायत की. त्यास्नी इचारा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. तेच मला अजून सोसत नाही.

साहेबानं मला विचारलं, "बाई, तुम्ही आज सकाळी सील डोळ्यांनी बघितलं?"

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी नजरेनंच सांगितलं, यात पडू नको. कारखान्याची सगळी वाहनं आमच्याच दुकानात पंक्चर काढायची. पण दोष मी त्यांच्यावर टाकत नाही. त्यांनी काही सांगितलं नसतं तरी मी तेवढंच बोलले असते.

"मी... भाकऱ्या करत हुते."

"बघितलं का नाही, तेवढंच सांगा."

"न्हाय."

"शाबूत हाय असं म्हणालासा की वैनी," ते म्हणाले. भांडून नाही, आठवण करून दिल्यासारखं.

"म्हणाला असाल, पण बघितलं नाही. बरोबर?" साहेबानं विचारलं.

मी मान हलवली. त्या दिवशी मान हलवलेली चालली. तोंडानं बोला, असं कुणी म्हणालं नाही.

टँकरच्या मालकानं किल्लीसाठी हात पुढं केला. ते बाभळीपाशी नेहमी टँकर लावायचे तिथं मोकळी जागा होती. तिकडं त्यांनी एकदा बघितलं आणि किल्ली दिली. फाटकावरच्या माणसानं आणून ठेवलेली आपली पितळी चरवी आणि पांघरूण उचललं. जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाले, "खरं बोललासा." एवढंच. आणि एस.टी.च्या थांब्याकडं चालायला लागले. त्यांची पाठ दिसत होती तोवर मी बघत होते. ते पावलं मोजत नव्हते.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि तेव्हा मला पुढचं वाक्य सापडलं. मी बघितलं नव्हतं हे खरं. पण ते मला बघायला बोलवायला आले होते, हेही तितकंच खरं होतं. ज्याची तार तुटलेली आहे तो माणूस शंभर पावलं चालत येऊन, चला, सील बघा, असं कशाला म्हणेल? चोर कधी पंच बोलवतो का? साधं वाक्य होतं. साहेबाला ते मानावं लागलं असतं. नसतं मानलं तरी यांनी ते ऐकलं असतं. पहिलं उत्तर दिल्यावर दुसरं द्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. चार पुरुष समोर उभे होते, एवढंच काय ते अडवणं.

त्याच महिन्यात आणखी दोन टँकरांच्या तारा फाटकावर तुटल्या. फाटकापुढं नवा उंच गतिरोधक घातला होता. त्यावर मागचं चाक आपटलं की नळ हिसका खायचा, आणि त्या वर्षीची तार बारीक होती. कारखान्यानं जाड तार मागवली. मालकांनी जेवताना मला हे सांगितलं आणि ताक मागितलं. मी म्हणाले, "मग त्यास्नी परत बोलवलं का?" ते म्हणाले, "कुणाला?"

पुढं रस्ता रुंद झाला, टपरी त्यात गेली. आम्ही कोल्हापुरात आलो, मुलगा नोकरीला लागला. मधल्या काळात ते वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. भांडी घासताना, जोतिबाच्या पायऱ्या चढताना. दर वेळी चांगलं म्हणता यायचं.

मग एका वर्षी गारगोटीला बहिणीकडं गेले होते. बाजाराच्या कडेला दुधाच्या कॅनचा एक टेम्पो उभा होता आणि त्याच्यापासून बराच लांब, चहाच्या गाड्याशी, ते बसले होते. केस पांढरे झाले होते. अंगात सुती सदराच. मी परत फिरणार होते, पण त्यांनी बघितलं.

"वैनी. या, बसा. चहा घेतासा?"

मी बसले. ते आजूबाजूच्या गावांतलं दूध गोळा करून आणत होते. त्या तेलाच्या कामाला त्यांना पुन्हा कुणी घेतलं नव्हतं. "दूध बरं हाय," ते म्हणाले. "नासतंय, पण पेटत न्हाय. आता लांब लावायची गरज न्हाय, पर पाय ऐकत न्हाईत."

मी खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी..."

"तुमची चूक न्हवती. माझी. बघितल्याबिगर शाबूत घेतलं तुमच्याकडनं. इतक्या वर्सांत पयल्यांदाच. म्हटलं, टोळी भुकेली हाय, बाईला कशाला उठवा."

हे ऐकून मला गप्प बसवेना. चहाच्या गाड्यावर पाच-सहा पुरुष होते, त्यातले दोन आमच्याकडं बघत होते. मी म्हणाले. सगळं म्हणाले, एका दमात. "तुमी मला बघायला बोलवाया आलासा, हे मी सांगायला पायजे हुतं. तार तुटल्याली असती तर तुमी आला असता का? चोर कधी पंच बोलवतोय का?"

ते ग्लास हातात धरून बसून राहिले. चहावर साय धरली.

"व्हय की," शेवटी ते म्हणाले. "हे मलाबी सुचलं न्हाय. इतकी वर्सं इचार करतोय, तवा काय बोलायला पायजे हुतं. हे सुचलंच न्हाय."

मला वाटलं होतं, ते म्हटलं की हलकं वाटेल.

दुधाची वेळ झाली म्हणून ते उठले. दोन पावलं जाऊन मागं वळले आणि माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघत म्हणाले, "वैनी, तुमाला बोलता येतंय की चांगलं."

मग टेम्पोपाशी गेले, वाकून दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि दार उघडलं. मी त्यांची पावलं मोजली होती. शंभर भरली.